ओटीतला पट्टा

बारशाच्या दिवशी जानकी सकाळपासून रडत होती आणि पाळण्याभोवती जमलेल्या प्रत्येक बाईकडे त्याचं कारण तयार होतं. एकीच्या मते पोट धरलं होतं. दुसरीच्या मते झबलं टोचत होतं. तिसरीनं कुणाला न विचारता दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या मागवल्या. तनिष्का पोरीला खांद्यावर टाकून येरझाऱ्या घालत होती. "नाही गं, नाही गं माझी बाय," असं ती इतक्या वेळा म्हणाली होती, की त्या शब्दांत काही उरलं नव्हतं. ती जितकी बोले तितकी जानकी ताठ होई, मुठी आवळी, लालबुंद होई.

तेवढ्यात थोरली जाऊ धनश्री घुगऱ्यांचं पातेलं घेऊन दारात आली.

"हे कुठं ठेवू? टेबलावर जागाच नाही." ती हे पोरीला म्हणाली नव्हती, कुणालाच म्हणाली नव्हती. उगाच खोलीला विचारल्यासारखं.

जानकीचा हुंदका अर्ध्यावर तुटला. मान न धरलेल्या त्या पोरीनं दाराच्या बाजूला तोंड वळवलं आणि तिच्या मुठी उघडल्या.

"अगं बाई, मोठ्या आईला ओळखलं की!" कुणीतरी ओरडलं. "तनिष्का, तू आपली दूध पाजायची धनी गं!"

"धनश्री, बोल अजून काहीतरी."

"काय बोलू? पाढे म्हणू?" धनश्री हसली. ती खालच्या मजल्यावर शिकवणी घ्यायची आणि तिचं हसणंही फळ्यावर छडी आपटल्यासारखं स्वच्छ वाजायचं. "सात एके सात, सात दुणे चौदा..."

एकवीस येईपर्यंत जानकीला झोप लागली. बायका डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. तनिष्काही हसली. स्वतःच्या पोरीचं बारसं होतं, रडून कसं चालेल? वठारकरांच्या घरात सगळी मुलं थोरल्या चुलतीला 'मोठी आई' म्हणत आली होती. तनिष्कानं हसता हसता ठरवलं, ही म्हणणार नाही. ही काकू म्हणेल.

तनिष्का सांगलीच्या एका प्रयोगशाळेत हळद तपासायची. कुठल्या पोत्यात तांदळाचं पीठ आहे, कुठल्या पोत्यात रंग आहे, हे सांगणं तिचं काम होतं. दिसायला सगळीच हळद पिवळी असते. तिचा पिवळ्यावर विश्वास नसे. त्याच सवयीनं पुढचा महिनाभर तिनं स्वतःच्या लेकीची तपासणी केली. नवरा ऋतुराज बोलला, पोरगी रडत राहिली. तनिष्काची आई गायली, रडत राहिली. तनिष्का स्वतः बोलली की जास्तच रडली. खाली शिकवणीत धनश्री मुलांवर खेकसली की मात्र, दोन भिंती आणि एक जिना ओलांडून आलेल्या त्या आवाजानंसुद्धा, ती शांत झाली. फोनवर भरलेला आवाज लावून पाहिला, तरी तेच. निष्कर्ष टाळता येण्यासारखा नव्हता. ती पोरीला आणि गरोदरपणी पोटावर बांधलेला तो पट्टा घेऊन डॉ. मुजावरांकडे गेली.

पट्ट्याचं शास्त्र तोवर बहुतेक घरांना ठाऊक झालेलं होतं. सहाव्या महिन्यापासून गर्भाला ऐकू येतं. आईचा आवाज तिच्या हाडांतून, पाण्यातून त्याच्यापर्यंत पोचतो आणि जन्मल्यावर मूल तो ओळखतं, हे तर जुनंच. नव्या संशोधकांना त्यापुढची एक गोष्ट सापडली होती. गर्भाच्या झोपेत एक विशिष्ट टप्पा पुन्हा पुन्हा येतो. नेमक्या त्या टप्प्यात एखादा आवाज कानावर पडत राहिला, तर मेंदूतलं भीती शमवणारं जाळं त्या आवाजाशी जोडलं जातं. मग जन्मानंतर तो आवाज म्हणजेच निर्धास्तपण. आईनं बोलत बसून हे साधत नाही, कारण तिला गर्भाची झोप कळत नाही. पट्ट्याला कळायची. बाई आठवडाभर त्यात बोले. पट्टा तिच्या आवाजाची नक्कल तयार करी आणि पोटावर बसून, बाहेर कुणाला ऐकू येणार नाही अशा कंपनांनी, योग्य क्षणी आत बोलत राही. पट्ट्यावर वाढलेली मुलं कमी रडत, लवकर झोपत, सुईलाही फारशी भीत नसत. जाहिरातीत हे सगळं होतं आणि ते खरंही होतं.

डॉ. मुजावरांनी पट्टा त्यांच्या यंत्राला जोडला आणि भुवई वर केली.

"यात दोन आवाज आहेत. पट्टा तुमचाच ना?"

"जावेचा. तिच्या दोन्ही मुलांना वापरलेला. मला ओटीत दिला."

"मग मुख्य जागेवर जावेचा आवाज तसाच आहे. तुमचा दुसऱ्या जागेवर गेलाय. ती जागा वडिलांसाठी ठेवलेली असते, अधूनमधून चार शब्द बोलायला."

"मी आठवडाभर त्यात बोलले. हिरवा दिवा लागला होता."

"आवाज भरला गेला, म्हणून लागला. पट्ट्याला काय माहीत, आई कोण." डॉक्टरांनी पट्टा यंत्रातून सोडवला. मग म्हणाल्या, "दुसऱ्याला देताना दुकानातून पुसून घेतात. तुमच्याकडे कुणी घेतला नाही?"

जानकीच्या डोक्यावरून हात फिरवत त्यांनी उपायही सांगितला. ही ओढ कायमची नसते; सहा-सात वर्षांत कानाचं जाळं पक्कं होतं आणि ती सैल पडते. तोवर जावेला रोज येऊ द्या, तिच्या जोडीनं तुम्ही बोला, दोन्ही आवाज एकत्र ऐकून हळूहळू पोरगी तुमच्याकडे सरकेल. "तोडू मात्र नका. अंगाखालचं अंथरूण ओढल्यासारखं होईल तिला."

तनिष्काला त्यातलं एवढंच ऐकू आलं, की तिनं सहा वर्षं धनश्रीच्या दारात उभं राहायचं आहे.

घरी येऊन तिनं पट्टा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर टाकला. सासूबाई लसूण सोलत होत्या, धनश्री कणीक मळत होती.

"हा पुसून का दिला नाहीत?"

"पुसायचा?" सासूबाईंनी वर पाहिलं. "रिकामी वस्तू ओटीत घालतात होय? शेजारणीची वाटी परत करताना आपण चिमूटभर साखर घालतो. दुकानदार विचारत होता, पुसू का म्हणून. मी म्हटलं, खबरदार! दोन पोरं त्यावर गुटगुटीत झालीत. आणि नवीन आणायचा तर बाळ व्हायच्या आधी आपल्यात झबलंसुद्धा नवं आणत नाहीत. तुला सांगितलं होतं की तेव्हा."

सांगितलं होतं. झबली, दुपटी, पाळणा, सगळं अशा बाईकडून यायचं जिची मुलं जगली-वाढली. तनिष्काला तेव्हा त्यात माया दिसली होती. ती धनश्रीकडे वळली.

"तुम्हाला माहीत होतं, वहिनी?"

"होतं."

"आणि गप्प बसलात?"

"आईंना मी शिकवू? मला वाटलं, तुझा आवाज चढला की माझा उतरेल. नाही उतरला." धनश्रीनं कणकेचा गोळा परातीत आपटला. "आता काय करू, जीभ छाटू?"

"जानकीसमोर बोलू नका. ती सहा-सात वर्षांची होईपर्यंत, ती असेल तिथं एक शब्दही नको. शिकवणी दुसरीकडे घ्या."

सासूबाईंच्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. धनश्री मात्र हसली.

"ऐकलंत आई? माझ्याच स्वयंपाकघरात मी मुकी राहायची. काही लागलं तर कुकरला शिट्टी मारायला सांगते हं, माझ्या बदल्यात."

त्यानंतरचे महिने त्या घरात दोन बायका एकमेकींच्या पावलांचे आवाज मोजत राहिल्या. संध्याकाळी खाली पाढे सुरू झाले की जानकी दूध प्यायची, म्हणून तनिष्का तेव्हाच तिला घ्यायची आणि दातओठ खात पाढे ऐकायची. शिकवणी सुटली की रडणं सुरू. एकदा लस टोचून आल्यावर पोरगी इतकी रडली, की तिचे ओठ निळे पडायला लागले. तनिष्का जिन्यात धावली. "वहिनी, जरा वर येता?"

धनश्री वर आली नाही. खालच्या पायरीवर उभी राहून, टॉवेलला हात पुसत म्हणाली, "जानकी, पुरे आता."

वर शांतता पसरली.

"बघ," धनश्री म्हणाली, "चप्पलसुद्धा घालावी लागली नाही मला."

त्याच आठवड्यात तनिष्कानं ऋतुराजला सांगितलं, एक तर हे घर नाही तर ती. ऋतुराज आणि त्याचा थोरला भाऊ यशराज यांची हळद कांडायची गिरणी एकत्र होती. त्यानं आधी विनवण्या केल्या. "वहिनीचा काय दोष? तिनं काय तोंड शिवून बसायचं?" मग चिडून पाहिलं. शेवटी कोल्हापुरात विक्रीचं दुकान काढायच्या निमित्तानं तो वेगळा झाला. निघताना सासूबाई रडल्या. धनश्री गॅलरीत उभी होती. ती 'अच्छा' म्हणाली नाही. तनिष्काच्या मनात आलं, आज बरी गप्प आहे.

कोल्हापुरात डॉक्टरांचं बोलणं खरं झालं. जानकी दूध ओढेना. झोपली तर दचकून उठे, रडून थके आणि थकली की छताकडे बघत पडून राही. रडण्यापेक्षा ते बघणं वाईट होतं. तिचे गाल उतरले, मांड्यांच्या वळ्या गेल्या. ऋतुराज म्हणाला, "चल, सांगलीला परत जाऊ."

"नाही."

"पोरगी जाईल हातची!"

"नाही म्हटलं ना."

पट्टा तिच्याजवळच होता. तो आणि जानकीला घेऊन ती मिरजेला गेली. तिथं इस्पितळांच्या गल्लीत घशाच्या कर्करोगात आवाज गेलेल्या माणसांसाठी गळपट्ट्या बनवणारा एक कारागीर होता. गळ्यावर पातळ पट्टी बसवायची. ओठ हलले, स्नायू हलले, की पट्टी ते शब्द ओळखून रुग्णाच्या जुन्या आवाजात बोले. ज्याचा आवाज शाबूत आहे त्यानं, तो बाहेर पडूच नये म्हणून, फक्त कुजबुजायचं. कारागिरानं पट्ट्यातला मुख्य आवाज काढला आणि नियमाप्रमाणे म्हणाला, "आवाजाच्या मालकिणीची संमती लागेल. तोंडी चालते, नोंदवून घेतो."

"मालकीण बाहेर गाडीत आहे. चालता येत नाही तिला," तनिष्का म्हणाली. "पट्टी द्या, तिच्याकडून त्यातच बोलवून आणते."

गाडीत बसून तिनं पट्टी गळ्याला लावली आणि कुजबुजली. धनश्रीचा स्वच्छ, छडीसारखा आवाज गाडीभर वाजला. "मी धनश्री यशराज वठारकर. माझी संमती आहे."

मागच्या सीटवर छताकडे बघत पडलेल्या जानकीनं मान वळवली. मग तिचं ते पहिलं, दात नसलेलं हसू.

तनिष्काला रडू आलं. पण रडण्याचा आवाज पट्टीला ओळखता येत नसे. तिनं ते गिळलं.

पुढची सहा वर्षं तनिष्कानं आपली मुलगी शत्रूच्या आवाजात वाढवली. भात कालवताना, अंघोळ घालताना, 'भ'ची शेपटी कुठून काढायची हे शिकवताना, सगळीकडे तोच आवाज. शब्द तिचे, राग तिचा, लाड तिचे. बाहेर पडायचे ते मात्र धनश्रीचे होऊन. झोपवताना ती एक गोष्ट सांगायची, तिनंच रचलेली. हरिपूरच्या हळदीच्या पेवात, जमिनीखाली, एक राक्षस राहायचा. शिंकला की सगळं गाव पिवळं व्हायचं. जानकी रोज तिथं खिदळायची आणि रोज तनिष्काला वाटायचं की खालच्या मजल्यावर कुणीतरी ऐकतंय.

गळपट्टी कुणाच्या गळ्यात चष्म्याची दोरी असावी तशी जानकीला सवयीची झाली. 'आईच्या घशाला बरं नसतं' एवढं तिला सांगितलेलं होतं. सासूबाई वर्षातून दोनदा येत, तेव्हा तनिष्का घशाचं निमित्त करून खाणाखुणांवर दिवस काढी. सणाला ऋतुराज एकटाच सांगलीला जाई. काकू नावाचं कुणी आहे हेही जानकीला फोटोपुरतं माहीत होतं. प्रयोगशाळेत मात्र तनिष्का पट्टी काढून बोले आणि स्वतःचा आवाज तिला दिवसेंदिवस बारीक, उसना वाटू लागला. जानकी जवळपास असताना स्वतःच्या आईचा फोन आला तर ती धनश्रीच्याच आवाजात धनश्रीला शिव्या द्यायची.

ऋतुराज हे सगळं सोसत होता, पण सरळ नाही.

"जेवताना तरी काढ ते," तो एकदा म्हणाला. "वहिनी वाढतेय असं वाटतं. धड बसता येत नाही मला घरात, बायकोशी भांडताही येत नाही."

"जानकी जागी आहे."

"जानकी सदाच जागी आहे!" तो ताटावरून उठला. त्यानंतर त्याचं दुकान उशिरा बंद व्हायला लागलं.

घोटाळा त्याच्याच हातून झाला. जानकीच्या सहाव्या वाढदिवसाला त्यानं औक्षणाची चित्रफीत काढली आणि कौतुकाच्या भरात, आवाज बंद न करता, घरच्या गटावर पाठवली. निरांजनाच्या उजेडात जानकीचा उजळलेला चेहरा आणि ओवाळणारे तनिष्काचे हात. त्यावर धनश्रीचा आवाज: "हलू नको गं माकडा, कुंकू नाकावर येईल. आता डोळे मीट आणि माग काय मागायचं ते."

सासूबाईंनी लिहिलं, 'धनश्री कधी गेली कोल्हापूरला?' यशराजनं लिहिलं, 'ती तर इथंच आहे, माझ्यासमोर.' पुढे कुणीच काही लिहिलं नाही. धनश्रीनंही नाही. तनिष्का बरेच दिवस फोन वाजला की दचकत राहिली आणि मग, जानकी पहिलीत गेल्याच्या गडबडीत, दचकायची थांबली.

शाळेची गाडी यायची होती. तनिष्का जानकीची दुसरी वेणी घालत होती.

"मान सरळ. आज डब्यात शेंगदाण्याची पोळी आहे, सगळी मैत्रिणींना वाटून रिकाम्या पोटी येऊ नकोस. आणि बाईंनी विचारलं तर..."

ओठ हलत राहिले. आवाज आला नाही. गळपट्टीवरचा दिवा विझला होता.

जानकीनं मान वळवली. "काय विचारलं तर?"

तनिष्कानं पट्टी चाचपली, काढली, पुसली, पुन्हा लावली. बाहेर गाडीचा भोंगा वाजला. त्या भोंग्यानं तिचा घात केला. सहा वर्षांत पहिल्यांदा ती विसरली. "थांब, रिबीन राहिली," ती म्हणाली, स्वतःच्या आवाजात.

जानकी भिंतीला जाऊन चिकटली. तिच्या अंगात पाळण्यातला तोच जुना ताठरपणा आला होता. मग ती किंचाळली. शेजारच्या बाई धावत आल्या, गाडी निघून गेली. तनिष्का तोंडावर हात दाबून खाली बसली.

दुपारी कारागिराला फोन केल्यावर कळलं. धनश्रीनं आवाजाच्या कायद्याखाली तक्रार केली होती. माणसाचा आवाज त्याच्या देहाचाच भाग मानला जात होता आणि मालकिणीनं हरकत घेतली की नक्कल कुठंही असो, बंद पडायची. संमतीची नोंद तिला ऐकवली तेव्हा, म्हणे, ती इतकंच म्हणाली, "हे मी बोललेलं नाही. पण मीच बोलतेय."

तनिष्का दोन दिवस मुकी राहिली. खुणा केल्या, पाटीवर लिहिलं. जानकी बापाला चिकटून होती. आईकडे संशयानं बघायची, तिच्या पोटात दुसरंच कुणी जाऊन बसलंय अशी. तिसऱ्या दिवशी ऋतुराज तिला शाळेत सोडायला गेल्यावर तनिष्का सांगलीची वाट धरून निघाली.

शिकवणी चालू होती. सतरंजीवर दहा-बारा पोरं. धनश्रीनं तिला दारात पाहिलं, पाढा पूर्ण करून घेतला आणि मगच पोरांना सोडलं.

"ये. बोल की. आज काय घसा मोकळा दिसतोय."

"तक्रार मागे घ्या."

"बस आधी. पाणी देऊ? की तेही मला न विचारता घेशील?"

"वहिनी, तिचा ताबा सुटलाय. जेवत नाही. डॉक्टर म्हणतात अजून सहा महिने, फार तर वर्ष. मग ती ओढ आपोआप सुटेल. तेवढे दिवस..."

"तेवढे दिवस माझा गळा तुझ्याकडे राहू दे." धनश्रीच्या कपाळाची शीर उडत होती, पण आवाज एक रेषही वर गेला नाही. "घर फोडलंस. दिराला आईपासून तोडलंस. पोरीची सावली पडू दिली नाहीस माझ्यावर, का, तर तिला माझा आवाज लागू नये. आणि तिकडे तिला रोज माझ्याच आवाजात घास भरवत होतीस? त्या फितीत मी तिला माकड म्हणाले, तनू. मी. मी तिला चालतीबोलती अजून डोळ्यांनी धड पाहिलेलं नाही."

"मग तुम्ही काय केलं होतंत? पायरीवर उभं राहून कुत्र्याला हाक मारावी तशी..."

"हो. केलं. माज आला होता मला. कुणालाही आला असता." ती फळा पुसायला वळली. "मी येते कोल्हापूरला. राहते. जेवू घालते, झोपवते, शाळेत सोडते. एक अट आहे. मी असेपर्यंत तू तिच्यासमोर बोलायचं नाहीस. एक शब्द नाही."

"किती दिवस?"

"माझं मन भरेपर्यंत."

तनिष्का उठली. दारात चपला घालताना तिला धनश्री पाठमोरी दिसत होती, कोऱ्या फळ्यावर पुन्हा पुन्हा डस्टर फिरवत. तिला काहीतरी लागेल असं बोलायचं होतं. ती रस्त्याला लागली.

संध्याकाळी तिनं ऋतुराजला बाहेर पाठवलं, दार लावून घेतलं आणि जानकीच्या समोर जमिनीवर बसली.

"जानकी."

पोरीनं कान झाकले. "तू नको! आईला बोलव!"

"मीच आई आहे. हा माझा आवाज आहे."

पाण्याची बाटली आली, तनिष्काच्या खांद्याला लागून गडगडत गेली. मग दप्तर. मग कंपासपेटी, तिचा कोपरा भुवईला लागला. तनिष्का हलली नाही. समजूत घालायची नाही, एवढं तिनं वाटेत ठरवलं होतं. समजुतीचे शब्द या आवाजात पोरीच्या कानाला विषच होते. ती नेहमीची गोष्ट सांगायला लागली. हरिपूर, पेव, राक्षस. जानकी ओरडत राहिली, ही सांगत राहिली. गोष्ट संपली की पुन्हा पहिल्यापासून. ओरडण्याचं रडणं झालं, रडण्याचं मुसमुसणं. तनिष्काचा घसा, इतक्या वर्षांत नीट न वापरलेला, फाटायला आला. कितव्यांदा तरी, दमून, ती म्हणाली, "आणि राक्षस शिंकला आणि सगळं गाव लाल झालं."

"पिवळं," कान झाकलेली जानकी म्हणाली.

तनिष्का थांबली. "हो. पिवळं."

मग जानकीनं एका कानावरचा हात थोडा उचलला, तापलेल्या तव्यावरचा चिमटा उचलावा तसा.

"तुझा आवाज घाण आहे."

"असू दे."

"ही गोष्ट तुला कुणी सांगितली?"

"मीच तुला सांगते. रोज."

"खोटं! ती आई सांगते."

तनिष्कानं विझलेली गळपट्टी तिच्यापुढे ठेवली. ओठ कसे हलायचे, पट्टी कशी बोलायची, ते दाखवलं. जानकीनं पट्टी बोटानं ढकलून पाहिली, मेलेला किडा ढकलावा तशी.

"भात संपव कोण म्हणायचं?"

"मी."

"माकड?"

"मीच."

"मग आवाज कुणाचा होता?"

बारशाच्या दिवसापासून जे नाव या घरात शिरू दिलं नव्हतं, ते आता तोंडाशी येऊन उभं होतं. काकू म्हणता आलं असतं. तनिष्कानं तोंड उघडलं आणि तिच्या फाटक्या, खऱ्या आवाजात ते बाहेर पडलं. "तुझ्या मोठ्या आईचा."

"ती कुठंय?"

"सांगलीला."

जानकीनं कपाळाला आठ्या घातल्या. वजाबाकी अडली की ती अशा घालायची. "तिचा आवाज तू घेतलास. मग इतके दिवस ती कशानं बोलत होती?"

याचं उत्तर होतं, साधं, शास्त्राचं. नक्कल केली म्हणजे मूळ संपत नाही. तनिष्काला ते सांगता आलं असतं. तिनं फोन उचलला, धनश्रीचा नंबर लावला आणि फोन दोघींच्या मध्ये फरशीवर ठेवला. वाजला. उचलला गेला. पलीकडे खाली ठेवलेल्या भांड्याचा आवाज आला, कुणाच्या तरी श्वासाचा आला.

"अट मान्य नाही," तनिष्का म्हणाली. "हिला तुमच्याशी बोलायचंय."

जानकी फोनवर वाकली. "मोठी आई?"

फोन चालू होता. पलीकडून शब्द आला नाही. श्वास तेवढा ऐकू येत राहिला, आणि तोही कुणीतरी तोंडावर हात दाबल्यासारखा तुटत गेला.

"हॅलो? मोठी आई?"

जानकीनं थोडा वेळ वाट पाहिली. मग तिनं विझलेली पट्टी उचलून तनिष्काच्या मांडीवर ठेवली.

"बघ, तिच्याकडे नाहीच आवाज," ती म्हणाली. "आधी तिचा तिला परत दे."